प्रमोशनच्या तोंडावर मेमो : खुलाशाची कृती

नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत फेब्रुवारी-मार्चचे दिवस वाईट. वर्षअखेरीचं डिस्पॅच डोक्यावर, त्यासाठी ओव्हरटाइम, आणि एरवी केबिनमध्ये बसणारे साहेब लाइनवर येऊन उभे. अप्रेझलचे फॉर्मही याच दिवसांत फिरतात. एप्रिलच्या पत्राकडे डोळे लावून बसलेला ऑपरेटर, सेटर, ज्युनिअर इंजिनिअर नेमका तेव्हाच सापडतो. रिजेक्शन निघालं, गाडी उशिरा सुटली, कस्टमरचा फोन आला, की खापर फोडायला कुणाचं तरी डोकं लागतं. ज्याच्या हातात मशीन होतं, त्याच्या हातात मेमो पडतो.

मेमोमुळे प्रमोशन सहसा जात नाही. मेमोला उत्तर न दिल्यामुळे, किंवा भलतंच उत्तर दिल्यामुळे जातं. प्रमोशनच्या बैठकीला जे तीन-चार जण बसतात, त्यांतल्या निम्म्यांनी तुम्हाला काम करताना कधी पाहिलेलंही नसतं. त्यांच्यापुढे फाइल असते. फाइलमध्ये नुसता मेमो असेल तर मेमो खरा. त्याच्या मागे पानभर नेमका खुलासा टाचलेला असेल, तर निदान गोष्टीला दोन बाजू आहेत एवढं तरी दिसतं. खाली जे सांगतोय ते सगळं त्या दुसऱ्या कागदासाठी. लाइनवर त्या दिवशी कोण बरोबर होतं, हा वाद अलाहिदा. तो जिंकूनही प्रमोशन हुकलेले लोक अंबडला पुष्कळ आहेत.

साहित्य थोडंच लागतं : मेमोची प्रत, अपॉइंटमेंट लेटर, मागच्या दोन वर्षांची अप्रेझल, एक साधी वही आणि एका रात्रीची झोप.

आधी काय मिळालंय ते पाहा

चार जणांसमोर ओरडा बसला, तर तो ओरडाच. त्याला लेखी उत्तर द्यायचं नाही. जे फाइलमध्ये नव्हतं, ते तुमच्याच पत्रामुळे फाइलमध्ये जाईल. वहीत तारीख टाकून दोन ओळी लिहा आणि सोडून द्या. बहुतेक ओरडे सोडून देण्याच्याच लायकीचे असतात, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच माणसाकडून, एकाच कारणावरून, पुन्हापुन्हा बसायला लागला तर मात्र त्या माणसाला एक छोटी मेल : अमुक दिवशी तुम्ही असं म्हणालात, त्या कामाची स्थिती अशी होती, पुढे कसं करू ते सांगा. तक्रार नाही, प्रश्न.

शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झापलं असेल तर ग्रुपवर उत्तर नको. अंगठाही नको. आपण अंगठा 'वाचलं' म्हणून टाकतो, पुढे तो 'मान्य' म्हणून दाखवला जातो. मेसेज जपून ठेवा आणि साहेबांना वेगळं, खासगीत एक वाक्य पाठवा : 'मेसेज वाचला, प्रत्यक्ष भेटून माहिती देतो.'

कागद मिळाला असेल तर त्याची शेवटची ओळ आधी वाचा. आपल्याकडे सगळ्याच कागदांना मेमो म्हणतात, पण त्यांचं वजन सारखं नसतं. शेवटी 'इतक्या तासांत खुलासा करावा' असं असेल तर अजून काही ठरलेलं नाही. तुमचं ऐकायचं बाकी आहे. 'आपणास ताकीद देण्यात येत आहे' असं असेल तर ऐकून न घेताच शिक्षा दिली आहे. हो, शिक्षाच. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत ताकीद किंवा ठपका ही सगळ्यांत हलकी शिक्षा म्हणून लिहिलेली होती, आणि पुढे मोठी शिक्षा देताना आधीचं रेकॉर्ड बघावं असंही त्यातच होतं. म्हणजे आजची ताकीद पुढच्या कागदाला टेकू देते. तिलाही खुलासा द्यायचा, मागितला नसला तरी.

आणि कागदावर कलमांचे आकडे, 'गैरवर्तन', 'आरोपपत्र', 'चौकशी अधिकारी' असले शब्द दिसले तर ही कृती इथेच थांबवा. त्याला युनियनचा जाणता माणूस किंवा कामगार कायद्याचा वकील लागतो. स्वतःच्या हाताने एक ओळही लिहू नका.

कागद हातात पडतो तेव्हा

तीन गोष्टी याच पाच मिनिटांत बिघडतात.

पहिली, पत्र घ्यायला नकार. रागाच्या भरात माणूस म्हणतो, 'मी घेतच नाही.' एचआरवाले शांतपणे दोन साक्षीदारांच्या सह्या घेतात, 'घेण्यास नकार' असा शेरा मारतात, आणि मूळ मेमो कितीही पोकळ असला तरी आता एक भरीव मेमो तयार होतो. पत्र न स्वीकारणं हेच गैरवर्तन, असं कितीतरी कारखान्यांच्या नियमांत लिहिलेलं असतं. पत्र घ्यायचं.

दुसरी, सही. सहीखाली लिहायचं : 'पत्र मिळाले. मजकूर मान्य नाही. खुलासा स्वतंत्रपणे देत आहे.' पुढे तारीख आणि वेळ. वेळ विसरू नका, कारण खुलाशाची मुदत तिथून मोजायची असते. समोरचा म्हणाला, 'एवढं काही लिहायचं नाही, नुसती सही करा', तर तिथे भांडत बसू नका. सही, तारीख, वेळ एवढंच टाका आणि बाकीची वाक्यं त्याच संध्याकाळी मेलने पाठवा. सही ही पत्र मिळाल्याची, मान्य असल्याची नव्हे, हे एचआरलाही ठाऊक असतं.

तिसरी सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत महाग. मेमो देणारा टेबलावरून कोरा कागद सरकवतो, स्वतःचं पेन पुढे करतो आणि म्हणतो, 'इथेच बसून दोन ओळी लिहून दे. चूक झाली, पुन्हा होणार नाही. विषय संपला.' विषय संपत नाही. तो माणूस वर्षभरात दुसऱ्या कंपनीत जातो, त्याचा शब्द त्याच्याबरोबर जातो आणि तुमच्या हस्ताक्षरातला माफीनामा फाइलमध्ये राहतो. म्हणायचं एवढंच : 'साहेब, उद्या व्यवस्थित लिहून देतो. घाईत काही राहून जायला नको.' उद्याच्या उद्या द्यायचंही, नाहीतर हे वाक्य फुकट.

मेमोची प्रत मागा. काही छोट्या युनिट्समध्ये पत्र दाखवतात, सही घेतात आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकतात. प्रत दिली नाही तर मेल करा : 'आज इतक्या वाजता मला दाखवलेल्या पत्राची प्रत मिळावी, म्हणजे खुलासा करता येईल.'

त्याच रात्री

शिफ्ट सुटली की एक्स्लो पॉइंट किंवा गरवारे पॉइंटच्या टपरीवर थांबून चार जणांना मेमो दाखवायची हुक्की येते. नका दाखवू. चहा संपायच्या आत तुमची वाक्यं, थोडं मीठमसाला लागून, साहेबांपर्यंत पोचलेली असतात. घरी मात्र सांगा. प्रमोशन गृहीत धरून पाथर्डी फाट्याला फ्लॅटचं टोकन द्यायचं चाललं असेल, तर ते दोन महिने पुढे ढकला. हाही याच कृतीचा भाग आहे.

मग वही घ्या आणि त्या दिवसाचा हिशोब वेळेनुसार मांडा. किती वाजता पंचिंग झालं, मशीनचा ताबा कधी घेतला, आधीच्या शिफ्टने काय सांगितलं, पहिला नग कधी तपासायला दिला, कुणाला कधी कळवलं. प्रत्येक ओळीपुढे ती गोष्ट कुठे नोंदलेली आहे ते लिहा : हँडओव्हर रजिस्टर, फर्स्ट पीस रिपोर्ट, ब्रेकडाउन स्लिप, गेट पास. ज्या ओळीपुढे काहीच लिहिता येत नाही, ती ओळ खुलाशात येणार नाही किंवा शेवटी येईल. या वहीतच कळतं की आपली बाजू किती भक्कम आहे. कधीकधी इथेच असंही कळतं की मेमो अन्यायाचा वाटला तरी निम्मा खरा आहे.

रजिस्टरचे फोटो काढायचा मोह टाळा. बऱ्याच कारखान्यांत शॉप फ्लोअरवर मोबाइलला बंदी असते, आणि ड्रॉइंग किंवा रिपोर्टचा फोटो काढणं हे मूळ मेमोपेक्षा मोठं प्रकरण होऊन बसतं. पान क्रमांक आणि तारीख उतरवून घ्या, पुरतं. खुलाशात पान क्रमांक आला की ते पान गायब करणं अवघड होतं. साहेबांचं बोलणं चोरून रेकॉर्ड करण्याबद्दलही माझं तेच म्हणणं. उपयोग कमी, भानगड जास्त.

साक्षीदार म्हणून शेजारच्या मशीनवरच्या कंत्राटी पोराला ओढू नका. तो खरं बोलेल, आणि पुढच्या महिन्यात ठेकेदार त्याला 'उद्यापासून येऊ नको' म्हणेल. शिफ्टला कोण होतं ते हजेरीपटावर असतंच.

खुलासा

इथे मात्र घाई करायची नाही. सगळा पसारा या एका पानासाठी आहे.

उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही सीएनसी सेटर आहात, सेकंड शिफ्ट. मेमो म्हणतो, चौदा तारखेला तुमच्या निष्काळजीपणामुळे ४६ नग रिजेक्ट झाले. खरी गोष्ट अशी, की त्यातले बहुतेक नग फर्स्ट शिफ्टमध्येच निघालेले होते. पण मेमो काढताना नगांच्या क्रेटवर ज्याची शिफ्ट लिहिली होती त्याचं नाव घातलं गेलं.

रात्री अकराला जो खुलासा मनात तयार होतो तो असा असतो : गेली इतकी वर्षं इमानेइतबारे सेवा केली, अमुक साहेब सुरुवातीपासून माझ्यावर डूख धरून आहेत, माझं प्रमोशन जवळ आल्यामुळे हे षड्‌यंत्र रचलं आहे, मला व माझ्या कुटुंबाला मानसिक त्रास होत आहे. खाली प्रती : कामगार आयुक्त, पालकमंत्री, मुख्यमंत्री. लिहून टाका खुशाल, मन हलकं होतं. सकाळी फाडा. यातलं एकही वाक्य ४६ नगांबद्दल नाही, आणि 'षड्‌यंत्र' सिद्ध करायची जबाबदारी विनाकारण तुमच्या गळ्यात आली.

सकाळी लिहायचं ते असं :

'मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग यांस,

विषय : दि. १६ च्या पत्राबाबत खुलासा.

महोदय, वरील पत्र मला दि. १६ रोजी दुपारी ४ वाजता मिळाले. दि. १४ रोजी सेकंड शिफ्टमध्ये माझ्या निष्काळजीपणामुळे ४६ नग रिजेक्ट झाले, असे पत्रात म्हटले आहे. वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे आहे.

दि. १४ रोजी मी दुपारी ३ वाजता मशीनचा ताबा घेतला. त्यापूर्वी १ ते ३ या वेळेत याच बॅचचे ३८ नग झाले होते. तशी नोंद हँडओव्हर रजिस्टरच्या पान ११२ वर आहे.

माझ्या शिफ्टचा पहिला नग मी ३.०५ वाजता तपासणीसाठी दिला. बोअर मापाबाहेर असल्याचा निकाल ३.२५ वाजता मिळाला. त्याच वेळी मशीन बंद करून मी शिफ्ट इनचार्ज यांना कळवले. फर्स्ट पीस रिपोर्टमध्ये दोन्ही वेळा नमूद आहेत.

निकाल येईपर्यंतच्या वेळेत माझ्याकडून ८ नग झाले. निकाल येईपर्यंत मशीन थांबवायला हवे होते. एवढी चूक मला मान्य आहे. उरलेल्या ३८ नगांची जबाबदारी माझी नाही.

पुढे असे होऊ नये म्हणून, पहिला नग पास झाल्याखेरीज सायकल सुरू न करण्याची पद्धत मी त्या दिवसापासून पाळत आहे.

वरील नोंदी तपासून पत्राचा फेरविचार व्हावा आणि हा खुलासा त्या पत्रासोबत माझ्या वैयक्तिक फाइलमध्ये ठेवावा, ही विनंती.'

एवढंच. एक पान. प्रमोशनचा उल्लेख कुठेही नाही, साहेबांचं नाव नाही, फर्स्ट शिफ्टच्या सेटरचंही नाही. त्याचं नाव रजिस्टरमध्ये आहे. ज्याला हवं तो पाहील. तुम्ही लिहिलंत की तुम्ही बोट दाखवणारे ठरता, आणि उद्या सुपरवायझर झाल्यावर तोच तुमच्या हाताखाली असू शकतो. शेवटच्या वाक्यातली दुसरी विनंती सगळ्यांत महत्त्वाची. फेरविचार करणं न करणं त्यांच्या हातात. खुलासा मेमोला टाचून ठेवा, या मागणीला नाही म्हणायला कारण सापडत नाही.

आठ नगांची कबुली द्यावी का, यावर दोन मतं आहेत. युनियनमध्ये केस पांढरे झालेली माणसं सांगतात, लेखी काहीही कबूल करायचं नाही, कधीच नाही. चार्जशीटच्या बाबतीत ती शंभर टक्के बरोबर आहेत. साध्या मेमोच्या बाबतीत, आणि तेही प्रमोशन समोर असताना, मला उलटं वाटतं. फाइल वाचणारा माणूस कारखान्यातलाच असतो. सगळं नाकारणारा खुलासा त्याने शेकड्यांनी वाचलेला असतो. 'आठ माझे, अडतीस माझे नाहीत' असं लिहिणारा माणूस त्याला उद्याचा सुपरवायझर वाटू शकतो. अट एकच : कबुली आकड्यात बांधलेली हवी. 'माझ्याकडूनही थोडी चूक झाली असेल' हे वाक्य मोकाट असतं. कुठेही फिरवता येतं. आणि खरंच काही चूक नसेल तर उगाच नम्रता म्हणून कबुली देऊ नका.

खुलासा मराठीत चालतो. मेमो इंग्रजीत असला तरी चालतो. मोडक्या इंग्रजीपेक्षा नीट मराठी केव्हाही बरी. लिहून झाल्यावर कारखान्याबाहेरच्या एखाद्याला वाचायला द्या. बायको, भाऊ, शेजारचे गुरुजी, कुणीही. काय झालं ते त्यांना एका वाचनात कळलं पाहिजे.

मुदत चोवीस तासांची असेल आणि रजिस्टर बघायला मिळालं नसेल, तर मुदत संपण्याआधी दोन ओळींचं पत्र : अमुक नोंदी पाहायला मिळाव्यात, त्यानंतर दोन दिवसांत खुलासा देतो. मुदत उलटून गेल्यावर दिलेलं कारण कुणी वाचत नाही.

पोच

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का किंवा सही-तारीख घ्या. पोच देत नसतील तर स्कॅन करून एचआरला मेल करा. तेही जमण्यासारखं नसेल तर पोस्ट. पूर्वी अशा वेळी सगळे 'रजिस्टर एडी कर' म्हणायचे. २०२५ मध्ये पोस्टाने रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टात विलीन केली. तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्टच मागायचं, आणि ज्याला पत्र लिहिलंय त्याच्याच हाती पडावं म्हणून त्यासोबतची नोंदणीची सोय घ्यायची. पावती वहीत चिकटवा.

मग साहेबांकडे

मेमो काढणाऱ्या साहेबांना खुलाशाची बातमी एचआरकडून कळू देऊ नका. त्याच दिवशी जा. 'साहेब, खुलासा दिलाय. तुमची प्रत ही. बाहेरून कळायला नको म्हणून आधी सांगितलं.' ते चिडले तरी बसून घ्या. पुढच्या सगळ्या महिन्यांत नमस्कार चालूच ठेवायचा आहे.

या भेटीत एक गोष्ट समजून घ्यायचा प्रयत्न करा : हा मेमो निघाला तरी कशासाठी? अंबड-सातपूरची असंख्य युनिट्स मोठ्या वाहन कंपन्यांना आणि त्यांच्या पुरवठादारांना माल देतात. खराब नग गेला की कस्टमर एट-डी रिपोर्ट मागतो : मूळ कारण काय, कायमचा उपाय काय. तो रिपोर्ट रात्रीत भरायचा असतो, आणि सगळ्यांत सोपं उत्तर म्हणजे 'ऑपरेटरला लेखी समज दिली'. त्या रकान्याला पुरावा म्हणून जोडायला एक कागद लागतो. तो कागद म्हणजे तुमचा मेमो. यात डूख, सूड, पक्षपात काहीही नसतं. निव्वळ आळस असतो. अन्याय तुमच्यावर झालाच, पण त्याचा इलाज वेगळा निघतो.

साहेबांना रकान्यात लिहायला याहून चांगलं काहीतरी द्या. वरच्या उदाहरणात ते समोरच आहे : पहिला नग पास झाल्याची सही असल्याशिवाय मशीन सुरू करायचंच नाही, आणि शिफ्ट बदलताना आधीच्या शिफ्टचा शेवटचा नग मापून रजिस्टरमध्ये माप लिहायचं. हे एका कागदावर मांडून न्या. कस्टमरचा क्वालिटीवाला 'ऑपरेटरला समज दिली' यावर नाक मुरडतो, कारण ती समज पुढच्या महिन्यात विरते हे त्यालाही माहीत असतं. असा उपाय त्याला पटतो. साहेबांची सुटका होते, आणि तुमच्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये 'यावर्षी केलेली सुधारणा' या रकान्यात लिहायला एक खरी गोष्ट येते. फॉर्ममध्ये मेमोबद्दल विचारलं नसेल तर तिथे तो विषय काढायचा नाही. सुधारणा मात्र आकड्यासकट लिहायची.

अर्थात काही मेमो डूख धरूनच निघालेले असतात. दोन-चार वाक्यांत ते कळतं. मग उपायाचा कागद खिशातच ठेवा आणि पोच जपून ठेवा.

प्रमोशनचं बोलणं वेगळं

खुलासा आणि प्रमोशन एकाच दिवशी, एकाच केबिनमध्ये, एकाच मेलमध्ये कधीही नाही. एकत्र आलं की खुलासा हा सौदा वाटायला लागतो. आठवडाभर जाऊ द्या. मग एचआरला विचारा : त्या पत्राचं पुढे काय झालं? ते निकाली निघालं का? बंद झालं असेल तर तसं मेलवर मिळेल का? फार तर एक ओळ येईल. तीच हवी आहे.

त्यानंतर केव्हातरी, साहेब निवांत असताना : 'एप्रिलच्या यादीसाठी माझं नाव गेलंय का? काही कमी पडत असेल तर आत्ताच सांगा.' मेमो आडवा येतोय का, हे थेट विचारायला हरकत नाही. पण उत्तर आल्यावर वाद घालायचा नाही. त्या वेळी फक्त ऐकायचं.

वरची दारं

उत्तरच मिळालं नाही, खुलासा फाइलला लागला नाही, किंवा दुसरा आणि तिसरा मेमो आला, तर मात्र वरचं दार ठोठावावं लागतं. कायदा नुकताच बदलला आहे, आणि टपरीवर मिळणारे बरेच सल्ले जुन्या कायद्याचे असतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतली औद्योगिक संबंध संहिता, २०२० आपल्या कामाची. आधी १९४६ च्या कायद्याखालचे स्थायी आदेश महाराष्ट्रात ५० कामगारांच्या कारखान्यांनाही लागू होते, आणि ते गेटजवळ फलकावर कामगारांना कळेल अशा भाषेत लावावे लागत. नव्या संहितेत हा आकडा ३०० झाला. अंबडच्या लहान-मध्यम युनिट्सचा विचार केला तर फार मोठा वर्ग या आकड्याखाली येतो. तिथे अपॉइंटमेंट लेटर आणि एचआर पॉलिसी यांनाच जास्त किंमत, म्हणून ती आजच काढून वाचा. वॉर्निंग किती महिने धरली जाते, प्रमोशनच्या वेळी ती बघतात का, हे कधीकधी पॉलिसीतच लिहिलेलं सापडतं.

तक्रार निवारण समितीचं कलम मात्र २० किंवा जास्त कामगारांच्या प्रत्येक कारखान्याला आहे. मालकाचे आणि कामगारांचे सारखे प्रतिनिधी, एकूण दहापर्यंत. वादाचं कारण घडल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करता येतो, समितीने तीस दिवसांत काम संपवावं अशी अपेक्षा आहे, आणि कामगारांच्या निम्म्याहून जास्त प्रतिनिधींची संमती नसेल तर तो निर्णयच धरला जात नाही. तिथे समाधान झालं नाही तर साठ दिवसांत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. नाशिकला कामगार विभागाचं कार्यालय सातपूरच्या उद्योग भवनात आहे. समिती कागदावरच असेल, तर 'समितीकडे अर्ज करायचा आहे, सदस्य कोण ते कळावं' एवढ्या एका मेलनेही एचआर जागं होतं, असा अनुभव आहे.

गुणवत्ता बाजूला ठेवून काही कामगारांना झुकतं माप देणं ही अनुचित कामगार प्रथा, असं महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात होतं आणि नव्या संहितेच्या यादीतही आहे. १९७१ च्या कायद्यात तक्रारीला नव्वद दिवसांची मुदत होती, म्हणून वकिलाकडे जायचं असेल तर वर्ष काढू नका. पण कोर्टाच्या जिवावर प्रमोशन मिळवायची आशाही धरू नका. प्रमोशन कुणाला द्यायचं हे व्यवस्थापनाचं काम, असं धरून कोर्टं सहसा त्यात हात घालत नाहीत.

एक मेख लक्षात ठेवा. संहितेप्रमाणे सुपरवायझरच्या कामावर असलेला आणि महिन्याला १८,००० रुपयांहून जास्त वेतन घेणारा माणूस 'कामगार' राहत नाही. म्हणजे ज्या पायरीची तुम्ही वाट पाहताय, तिच्यावर पाय ठेवला की समिती, समेट अधिकारी ही दारं मागे राहतात. जुना मेमो निकाली काढून घ्यायचा असेल तर तो पायरी चढण्याआधी.

युनियनकडे जायचं का? सीटू असो, भारतीय कामगार सेना असो की कंपनीतली अंतर्गत युनियन, सभासद असाल तर सल्ला जरूर घ्या. युनियनमध्ये असल्याबद्दल कुणाला डावलणं बेकायदाच आहे. पण पहिल्याच मेमोला कमिटीला घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरलात, तर त्यानंतर तुमच्याकडे सुपरवायझर म्हणून पाहणं त्यांना जड जातं. हे योग्य नाही, पण असं घडतं.

सरकारी नोकरीतल्यांसाठी थोडंसं

सिडकोतल्या प्रत्येक गल्लीत एखादा जिल्हा परिषदेतला, महावितरणातला, नोट प्रेसमधला असतोच. त्याची वाट जास्त बांधीव आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत ठपका ही किरकोळ शिक्षा आहे, पण तीसुद्धा लेखी कळवून आणि बाजू मांडायची संधी देऊनच द्यावी लागते. गोपनीय अहवालाबद्दल देव दत्त खटला माहीत असावा. सीमा रस्ते संघटनेतल्या या अभियंत्याला एका वर्षी नुसता 'चांगला' असा शेरा मिळाला होता, आणि बढतीला 'अतिशय चांगला' लागत होता. तो शेरा त्याला कधी कळवलाच नव्हता. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शेरा वाईट असो वा चांगला, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. २०१३ मध्ये सुखदेव सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांनी तेच पक्कं केलं. आणि नुसती 'चौकशी होणार आहे' म्हणून बढतीचा निकाल सीलबंद पाकिटात ठेवता येत नाही, आरोपपत्र दिलेलं असावं लागतं, हे १९९१ च्या जानकीरामन निकालात आहे. खासगी कारखान्याला हे निकाल लागू नाहीत.

एप्रिलचं पत्र

नाव यादीत नसेल तर राजीनामा त्या आठवड्यात नाही. अंबड आणि सातपूर मिळून एकच गाव आहे. इथला एचआर तिथल्या एचआरला फोन करतो. कारण विचारा, तेही मेलवर : 'पुढच्या वर्षी विचार व्हावा यासाठी मी काय करावं?' उत्तरात मेमोचं नाव आलं, तर खुलाशाची पोच जोडून दोन ओळी पाठवा. बाहेर प्रयत्न करायचे असतील तर नोकरी हातात ठेवून करा.

नाव असेल तर पेढे वाटण्याआधी पत्र शेवटपर्यंत वाचा. पद कोणत्या तारखेपासून, बेसिक किती, ओव्हरटाइम बंद होतोय का आणि तो धरून हातात येणारी रक्कम खरंच वाढते का, हे कागदावर मांडून बघा. नव्या पदावर सहा महिने प्रोबेशन, अशी ओळ बहुधा असते. त्या काळात 'समाधानकारक न वाटल्यास मूळ पदावर' असंही असेल, तर सही करण्याआधी एचआरला विचारून घ्या : हे ठरवताना मागचं रेकॉर्ड धरणार का, आणि तो सोळा तारखेचा कागद अजून फाइलमध्ये आहे का. आहे म्हणाले, तर त्याच्या मागे तुमचा खुलासा टाचलेला आहे की नाही तेवढं तिथेच उभं राहून बघून या.